फिल्टर कोरडा दिसला म्हणून

आमच्या पियूने गाडीचा एअर फिल्टर धुवून गॅलरीत दोरीवर वाळत घातला, तेव्हाच मला कळलं की या घरात आता मेकॅनिकला काडीची किंमत उरलेली नाही. एका बाजूला माझी बनियन, दुसऱ्या बाजूला टॉवेल आणि मधे चिमट्याला लटकलेला फिल्टर. माझी बायको शालन कपडे काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे इस्त्रीला द्यायचंय का?"

मी रवींद्र खरात. ठाकुर्लीत माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी एकही कागदी फिल्टर धुतलेला नाही. कागदी फिल्टर मळला की काढायचा, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरून झटकायचा, गिऱ्हाईक खोकत खोकत "अरे बापरे" म्हणतं, नवीन टाकायचा, विषय संपला. आता ही माझी पोरगी मला सांगणार की फिल्टर शाम्पूने धुवायचा, सावलीत वाळवायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही आणि मग त्याला तेल लावायचं. मी म्हटलं, "वेणी पण घाल."

"पप्पा, हा कॉटनचा आहे. धुवायचाच असतो."

"आणि नजर उतरवायची असते का?"

पियू म्हणजे प्रियांका, आमची एकुलती एक. वागळे इस्टेटला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते आणि घरी येऊन तेच काम फुकट करते. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पैशाने एक सेकंडहँड टर्बोवाली हॅचबॅक घेतली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आणखी काही नाही. पण आजकालच्या पोरांसमोर टर्बो म्हटलं की ती अशी गप्प होतात, जणू काय मी बुद्धवंदना सुरू केली.

बरं, फिल्टर निवडायचा कुठे? बापाचं गॅरेज घरापासून पाच मिनिटांवर आहे, तिथे नाही. बाळकुमला. तिथे ऋतुराज नावाच्या एका पोराने 'परफॉर्मन्स स्टुडिओ' काढलाय. स्टुडिओ! मला वाटलं फोटो काढतात. पियू मला एकदा घेऊन गेलेली. काचेचा दरवाजा, आत थंडगार, फरशी इतकी चकचकीत की विहारात जावं तशा मी सवयीने चपला बाहेर काढल्या. आतला मेकॅनिक माझ्याकडे बघून हसला. त्याच्या हाताला काळं नव्हतं. ज्याच्या नखात ग्रीस नाही तो मेकॅनिक कसला, एलआयसीचा एजंट!

ऋतुराज मात्र नम्र. हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट. "काका, या ना, कॉफी घेणार?" म्हणाला. मी चहा मागितला. त्याच्याकडे चहा नव्हता. यावरून माणसाची लायकी कळते.

मी मनात ठरवूनच गेलेलो की हा पोरगा पियूच्या गाडीत तो उघडा, मक्याच्या कणसासारखा फिल्टर बसवणार, जो लावला की गाडी दम्याचा पेशंट जिना चढल्यासारखी फुस्स फुस्स करते आणि पोरांना वाटतं ताकद वाढली. म्हणजे मला भांडता येईल. पण ऋतुराज म्हणाला, "काका, उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद नाही. कंपनीचा डबा आहे तोच ठेवू. रोज डोंबिवलीची धूळ खायची तर कागदीच फिल्टर बरा, तो बारीक धूळ जास्त अडवतो. शर्यतीच्या दिवशी फक्त कॉटन घालू, हवा थोडी मोकळी मिळते."

माझं सगळं भाषण पोटातच राहिलं. मी जे बोलणार होतो तेच या दीडशहाण्याने बोलून टाकलं, वर एसीत बसून. घरी येताना पियू म्हणाली, "बघा, तुमच्यासारखंच बोलला की नाही?" मी म्हटलं, "माझ्यासारखं बोलायला त्याला अजून वीस वर्षं लागतील." ती हसली आणि गाडीचा आवाज वाढवला.

ही शर्यत म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. कल्याणच्या पुढे, पडघ्याच्या वाटेला एका मोकळ्या मैदानात ऑटोक्रॉस होती. मातीत नारिंगी टोप्या मांडायच्या, त्यांच्यामधून गाडी वळवत पळवायची, टोपी पडली की दोन सेकंद दंड. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण त्या दिवशी एक रॅली टीम तिथे येणार होती आणि मुलींमधून एकीला निवडून सहा महिने शिकवणार होती. सराव, प्रवास, सगळा खर्च टीमचा. एकच जागा. पियू दोन वर्षं त्या जागेच्या मागे होती. कामावरून येऊन जेवायची आणि फोनवर कुठल्या कुठल्या वळणांचे व्हिडिओ मागे-पुढे करून बघत बसायची. तिच्या वयाच्या मुली लग्नाचे हॉल बघत होत्या. शालनच्या बहिणीने तर एकदा विचारलंसुद्धा, "हिला ड्रायव्हर करायचंय का?" त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की बाई चहा न पिताच कोपरला परत गेली. पियूची मी हजार वेळा थट्टा करीन. दुसऱ्याने केली की मला चालत नाही.

तर रविवारी शर्यत. शुक्रवारी फिल्टर दोरीवर. शुक्रवारी रात्री पियूने त्याला तेल लावलं. ते तेल पण साधं नाही, लाल रंगाचं, इवलुशा बाटलीतलं, फिल्टरचं म्हणून वेगळं मिळतं. एकेका घडीवर एकेक बारीक रेघ ओढली, वीस मिनिटं थांबली, टिश्यूने पुसलं आणि जाऊन गाडीतल्या डब्यात बसवला. मी पेपरच्या आडून बघत होतो. इतकं कमी तेल! आमच्या घरात भजी तळून झाल्यावर कागदाला याच्यापेक्षा जास्त लागतं.

शनिवारी पियू ड्युटीवर गेली. गाडी माझ्या गॅरेजमध्ये उभी. गिऱ्हाईक नव्हतं. मी बॉनेट उघडलं, सहज. डबा उघडला, तोही सहज. फिल्टर बाहेर काढून उन्हात धरला, तर कुठे गुलाबी, कुठे पांढरट. कोरडा. अगदी कोरडा ठाक.

आता माझी बाजू ऐकून घ्या. मी शिकलो ते जुन्या जीपा आणि ट्रॅक्टरवर. त्यांचा एअर फिल्टर म्हणजे एक लोखंडी वाडगा. त्यात इंजिन ऑइल ओतायचं, खुणेपर्यंत. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. तेल खुणेच्या खाली गेलं तर उस्ताद डोक्यात टपली मारायचे. "तेल नाही तर फिल्टर नाही," हे त्यांनी माझ्या टाळक्यात असं ठोकलं की ते आजतागायत निघालेलं नाही. आणि माझ्यासमोर हा कोरडा फिल्टर, उद्या पोरगी त्या मातीच्या मैदानात जाणार, टर्बो धूळ ओढणार. मला वाटलं, पोरीने घाई केली असेल. तिच्या लक्षात आलं नसेल. बाप कशासाठी असतो?

मी नवीन इंजिन ऑइलचा डबा फोडला. भारीतला, गिऱ्हाइकाला देतो तो नाही. आणि तान्ह्या बाळाची टाळू भरावी तसं ते तेल त्या फिल्टरला पाजलं. सगळ्या घड्यांमधून. दोन्ही बाजूंनी. थोडं ओघळलं ते बोटाने परत वर सारलं. फिल्टर असा तुकतुकीत झाला की मीच खूश. डब्यात बसवला, क्लिपा लावल्या, हात पुसले. पियूला सांगितलं नाही. म्हटलं, जिंकली की सांगू.

वर आणखी एक शहाणपण केलं. पिशवीत तिच्याच गाडीचा नवा कागदी फिल्टर टाकला. का? तर कॉटनवाल्याने काही घोळ केला, तर तिथल्या तिथे पिशवीतून काढून सगळ्यांसमोर "घ्या" म्हणता यावं म्हणून. मनुष्यस्वभाव, दुसरं काय.

रविवारी मैदानावर ही गर्दी. माझी नेहमीची चार गिऱ्हाइकंही आलेली, कारण मीच आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलेलो की पोरीची शर्यत आहे, गाडी आपल्याच गॅरेजमधून तयार होऊन जातेय. तयार केलेली ऋतुराजने, पण उभी माझ्या गॅरेजमध्ये होती ना! ऋतुराज पण आलेला, टूलबॉक्स घेऊन. टीमच्या मॅनेजर मंजुळा मॅडम टेबलामागे बसलेल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर टोपी, हातात घड्याळ, तोंडावर एक रेष हलत नाही. अशा बाया मला आवडतात, पण लांबून.

मुली एकूण नऊ. त्यात रसिका नावाची एक मुलगी पहिल्याच फेरीत एक मिनिट बावीस सेकंदांत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

मग आमची पियू. हिरवा झेंडा पडला, गाडी उडाली, पहिल्या टोपीला अशी वळली की मी ओरडलो, "हाय रे माझी वाघीण!" दुसऱ्या वळणाला गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग धडधडत, झटके देत, वडापची जीप घाट चढावी तशी ती उरलेल्या टोप्यांमधून रांगत आली. मागून निळसर धूर. एक मिनिट त्रेचाळीस.

पियू उतरली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. "इंजिनचा पिवळा दिवा लागला, पप्पा. गाडी श्वासच घेत नाहीये."

आणि मी काय केलं? पोरीला पाणी दिलं? नाही. मी माझ्या चार गिऱ्हाइकांकडे वळून मोठ्याने म्हटलं, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय! ही कॉटनची थेरं! स्टुडिओवाल्यांच्या नादी लागलं की असंच होणार!"

ऋतुराजने बॉनेट उघडलं, डबा उघडला आणि तो थांबला. डब्याच्या तळाशी तेलाचं तळं साचलेलं. हवेच्या नळीत तेल, आणि नळीतला तो हवा मोजणारा सेन्सर, केसासारखी तार असते त्यात, तो तेलाने माखलेला. तारेला हवाच समजत नव्हती, मग इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते कसं समजणार? हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते तळं बघितल्याबरोबर मला शनिवारी फोडलेला डबा आठवला.

"हे लाल तेल नाहीये," ऋतुराज बोट चोळत म्हणाला. "इंजिन ऑइल आहे. आणि डबाभर आहे. कोणी घातलं?"

पियूने पण बोट लावलं. वास घेतला. मग तिने वर माझ्याकडे बघितलं, एकदाच. ती माझी पोरगी आहे, क्वालिटीमध्ये आहे, तिला कळायला किती वेळ लागणार?

"मीच," ती म्हणाली. "लाल संपलं होतं."

माझी चार गिऱ्हाइकं शेजारी उभी. त्यांतला एक हसला सुद्धा, "काय गं, मेकॅनिकची पोरगी असून?" आणि मी, ज्याचं तोंड आंघोळ करताना पण बंद नसतं, तो मी गप्प. सांगायला लाज वाटते, पण गप्पच.

पिशवीतला कागदी फिल्टर मात्र बाहेर काढला. ऋतुराजच्या हातात दिला. "घ्या" वगैरे काही म्हटलं नाही. तो म्हणाला, "काका, देवासारखे आलात." मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं.

सेन्सर काढून स्प्रेने धुतला, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवता येत नाही. नळी पुसली, डबा पुसला. तेवढ्यात दुसऱ्या फेरीला पियूचं नाव पुकारलं आणि पुढे गेलं. ती गेली नाही. गाडीच्या चाकाशी बसून राहिली, हात गुडघ्यांवर. मी दोनदा तिच्याजवळ गेलो आणि दोनदा परत आलो. दुसऱ्यांदा तीच म्हणाली, "पप्पा, उन्हात उभे राहू नका. बीपीची गोळी घेतलीत का?"

तिसरी फेरी. कागदी फिल्टर, धुतलेला सेन्सर आणि एकच संधी. ती कशी चालवली ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतलेले. फक्त आवाज ऐकला, एकसारखा, कुठे उचकी नाही. लोक ओरडले तेव्हा डोळे उघडले. एक मिनिट एकवीस. रसिकाच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा एक सेकंद कमी.

मी उडी मारणार, तोच मंजुळा मॅडमनी पियूला आणि रसिकाला टेबलाजवळ बोलावलं. मी पण मागे जाऊन उभा राहिलो. माझी गिऱ्हाइकंही आली, फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"वेळ तुझी चांगली आहे," मॅडम पियूला म्हणाल्या. "पण पहिल्या फेरीत काय झालं?"

"फिल्टरला तेल जास्त झालं, मॅडम. इंजिन ऑइल घातलं गेलं. माझी चूक."

"कॉटनच्या फिल्टरला इंजिन ऑइल? तू?" मॅडमनी चष्मा काढला. "एका सेकंदाचं मला कौतुक नाही. सेकंद आम्ही शिकवू. पण ज्या मुलीला स्वतःच्या गाडीचा फिल्टर कळत नाही, तिच्या हातात मी टीमचं इंजिन कसं देऊ? उद्या जंगलात पन्नास किलोमीटर आत ते बंद पडलं तर?" आणि त्यांनी पेन उचललं. कागदावर नऊ नावं होती. पेन पियूच्या नावाकडे सरकलं.

पियू ओठ घट्ट मिटून उभी. लहानपणी इंजेक्शन घेताना उभी राहायची तशी.

"मॅडम, ती खोटं बोलतेय," मी म्हटलं.

सगळे वळले. माझा आवाज मलाच कोणाचा तरी वाटला. "तेल मी घातलं. शनिवारी, ती कामाला गेलेली तेव्हा. तिला विचारलं नाही, सांगितलं पण नाही. तिने बरोबर लावलेलं, अगदी मोजून. मला तो कोरडा दिसला. मी जुन्या जीपांवर शिकलेला माणूस, तेल नाही तर फिल्टर नाही एवढंच मला ठाऊक. आणि वर इथे उभा राहून त्या पोराला शिव्या घातल्या." मी ऋतुराजकडे बोट केलं. "त्याची पण चूक नाही. चूक फक्त माझी. तीस वर्षं गॅरेज चालवतोय मी."

गिऱ्हाइकांकडे मी बघितलं नाही.

मंजुळा मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पियूला विचारलं, "मग तू का अंगावर घेतलंस?"

पियूने मान खाली घातली. "त्यांची गिऱ्हाइकं इथे आहेत," ती हळूच म्हणाली. "माझी जागा गेली तर मी पुढच्या वर्षी परत येईन. त्यांचं नाव गेलं तर या वयात ते परत कुठून आणतील?"

मला हुंदका आला. लपवला नाही, लपवून काय करणार होतो! आयुष्यभर लोकांच्या गाड्यांवर आणि अकलेवर तोंडसुख घेतलं, आणि ज्या पोरीला दोरीवरच्या फिल्टरवरून शुक्रवारपासून टोचून खाल्लं, ती माझी अब्रू स्वतःच्या जागेच्या बदल्यात झाकत होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग रसिकाला म्हणाल्या, "बेटा, तू पुढच्या वेळी नक्की ये." आणि पियूपुढे एक फॉर्म सरकवला. "खोटं परत बोलायचं नाही. गाडीबद्दल तर अजिबात नाही. कबूल?"

"कबूल."

"सही कर. पहिले तीन महिने सराव स्वतःच्या गाडीवर असतो. गाडीला एकच मेकॅनिक, दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला चालत नाही. इथे त्याचं नाव लिही."

पियूने पेन घेतलं. नाव, पत्ता, रक्तगट, सगळं भराभर लिहिलं. मेकॅनिकच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. मी तिच्या अगदी मागे उभा होतो, माझी सावली त्या कागदावर पडलेली. तिने मान वळवली नाही.

तिने लिहिलं, ऋतुराज.

मग ती वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांत पाणी, पण नजर काढली नाही.

"बरोबर लिहिलंस," मी म्हटलं. "माझं लिहिलं असतंस तर मीच फॉर्म फाडला असता."